उष्णतेची गोळी

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज यायचा तो वाटीत चमचा फिरवल्याचा. रात्री भिजत घातलेला सब्जा आत्या दुधात कालवत असायची. मग बंबात लाकूड ढकलल्याचा आवाज, आप्पांचं खाकरणं, आणि पाठोपाठ आत्याची हाक, "सुमे! कुठं गेली ही पोर? आत्ता तर हितं हुती!" आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. ती नेसरी गावाहून कोल्हापुरात आमच्याकडे राहायला आली होती आणि येताना तिथला आवाजही घेऊन आली होती, शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचणारा. आमच्या दोन खोल्या आणि मधल्या सोप्याला तो जास्तच व्हायचा. सुमी माझी धाकटी बहीण. ती परसातल्या पेरूवर तरी असायची, नाहीतर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर. तिला धरून आणायचं काम माझं. धरून आणली की आत्या वाटी तिच्या तोंडाला लावायची. "पी गं बाई, पी. अंगातली आग हाय ती. आत गारवा गेल्याबिगर बसायची न्हाय."

सुमीच्या अंगात उष्णता आहे, हे आमच्या घरात ठरून गेलं होतं. त्यावर कोणी वाद घालत नसे, शेजारीपाजारी तर नाहीच. म्हणून सकाळी सब्जा, दुपारी ताक, संध्याकाळी गुलकंद, आणि झोपताना टाळूवर एरंडेल तेल जिरवायचं. उन्हाळ्यात वाळ्याचं पाणी. आंबा तिला अर्धीच फोड, शेंगदाणे अजिबात नाहीत. सगळ्यांत कठीण गोष्ट रविवारची. रविवारी मटण शिजायचं, आई पाट्यावर खोबरं-कांद्याचं वाटण वाटायची तेव्हापासून सुमी पाट्याभोवती घिरट्या घालायची, आणि ताटं वाढली की आमच्या वाट्यांत तांबडा रस्सा आणि तिच्या एकटीच्या वाटीत पांढरा. "मला बी तांबडा," ती म्हणायची. "तुला न्हाय," आत्या म्हणायची, "तू हायसच तांबडी." सगळे हसायचे. सुमीही हसायची, पण डोळ्यांत पाणी असायचं. पांढरा रस्सा वाईट नसतो, आमच्या आईचा तर फारच चांगला असायचा. पण शेजारच्या ताटात तांबडा असताना तो कोणाला गोड लागेल?

ती कशी होती ते नेमकं सांगायला हवं, कारण 'खोडकर' म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात दुसरंच चित्र उभं राहतं. ती खोड्या काढत नसे. खोटं बोलत नसे. वेणी घालायला बसली की एका बाजूची वेणी होईपर्यंत टिकायची, दुसऱ्या बाजूला रस्त्यावर काहीतरी वाजायचं आणि ती उठून जायची. कितीतरी दिवस ती एका वेणीनं शाळेत गेली असेल. ताटावरून घास तोंडात घेऊनच उठायची. कोणी बोलत असलं की मधेच बोलायची, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची, आणि ते उत्तर कधी कधी दुसऱ्याच प्रश्नाचं असायचं. पाटी, पेन्सिल, चपला, रिबनी, डबा, डब्याचं झाकण, तिच्या हातात दिलेली वस्तू परत येईलच असं नव्हतं. रागावलं की खरोखर घाबरायची, "परत न्हाई करणार" म्हणायची, ते मनापासून असायचं, आणि चूल विझायच्या आत तेच करायची.

एकदा आईनं तिला तांब्या देऊन गंगावेशीत दुधाला पाठवलं. तिथं म्हशी आणून उभ्या करत आणि समोर धार काढून देत. बराच वेळ झाला तरी ती येईना म्हणून मी शोधायला गेले. ती एका म्हशीपुढं उकिडवी बसून धार बघत होती. हलत नव्हती. मी हाक मारली तरी ऐकू आली नाही. गवळी म्हणाला, "तुझी भन हाय व्हय? मगापास्नं बसलीया. दोन म्हशी पिळून झाल्या, ही तिसरी. माझी पोरं बी येवढी बघत न्हाईत." सुमीला सगळ्या म्हशींची नावं पाठ झाली होती. कोणती लाथ मारते, कोणती आटत आली आहे, कोणतीचं रेडकू गेलं आहे, हे तिनं मला घरी येईस्तोवर सांगितलं. तांब्या मात्र तिनं कुठंतरी ठेवला होता, तो मिळाला नाही.

घरी या गोष्टीचा अर्थ एकच निघाला. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हणजे बसता येतंय की हिला! म्हशीपुढं बसती, पुस्तकापुढं न्हाय." आत्या म्हणाली, "मुद्दाम करतीया." मलाही ते पटलं. आज इतक्या वर्षांनी त्या घरातल्या सगळ्यांची बाजू मी मांडते, कारण खरंच दुसरं काय वाटणार? जी मुलगी एका ठिकाणी तासभर बसू शकते, ती दुसऱ्या ठिकाणी का बसू शकत नाही, याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडं नव्हतं. मग 'उष्णता' आणि 'मुद्दाम' हे दोनच शब्द उरले.

सुमी चौथीत गेली त्या वर्षी मोठ्या बाईंनी आप्पांना बोलावणं धाडलं. आमची शाळा मुलींची, पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत एकाच इमारतीत, आणि मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, नऊवारी नेसणाऱ्या, हळू बोलणाऱ्या. त्या हळू बोलत म्हणून जास्त भीती वाटायची. मीही त्याच शाळेत वरच्या वर्गात, म्हणून मला खोलीबाहेर थांबायला सांगितलं होतं. दार उघडंच होतं. बाई म्हणाल्या, "हे बघा, मुलगी वाईट नाही. पण वर्गात भरपूर मुली आहेत आणि एकच बाई. ही दर पाच मिनिटांनी उठते, शेजारणीचं दप्तर सांडते, पेपर अर्धा लिहून देऊन बाहेर जाते. तिसरीतनं आम्ही वर ढकलली. आता पाचवीत ढकलता येणार नाही." आप्पांनी विचारलं, "मग काय करायचं, बाई?" बाई म्हणाल्या, "वार्षिक परीक्षेपर्यंत बघू. नाहीतर दाखला काढून न्या. घरकाम शिकवा. सगळ्याच मुलींना शाळा झेपते असं नाही."

आप्पा गुळाच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांच्या हाताखाली मुलंच मुलं होती, शाळा सोडून आलेली, आणि ती पुढं कुठवर जातात हे ते रोज बघत होते. मुली तर तेवढंही जात नसत. त्या दिवशी शाळेतून ते सरळ घरी आले. दारात चपला काढताना एवढंच म्हणाले, "दाखला काढायचा न्हाय. काय वाट्टेल ते होऊ दे."

मोठ्या बाईंनीच सुचवलं होतं की मुलीला कमी ऐकू येत असेल, एकदा कान दाखवा. म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं. कानाच्या डॉक्टरांनी तिच्या मागे उभं राहून घड्याळ धरलं, कुजबुजले, चुटकी वाजवली. सुमीनं त्यांना घड्याळाची टिकटिकच नव्हे, तर बाहेर व्हरांड्यात कोणाच्या बांगड्या वाजतात तेही सांगितलं. डॉक्टर हसले. म्हणाले, "हिला कमी नाही, जास्तच ऐकू येतंय. असं करा, मुलांच्या डॉक्टरीणबाई आहेत, मुंबईत शिकून आल्यात. त्यांना दाखवा."

डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती. भिंतीकडेला बाळांना तोलायचा काटा होता. त्यांनी सुमीला काही विचारलंच नाही, तिला हिंडू दिलं, आणि आई-आप्पांशी बोलत तिरक्या नजरेनं तिच्याकडं बघत राहिल्या. सुमी काट्यावर बसली, उतरली, खिडकीच्या गजावर चढली, तिनं टेबलावरची रबरी नळी कानाला लावून आमच्या पोटांचे आवाज ऐकले. आई शरमून तिला ओढायला लागली तर बाई म्हणाल्या, "असू द्या." मग मला विचारलं, "थोरली ना तू? दोघी एकाच शाळेत? मग तू सांग. शाळेत जशी, तशीच घरी? की घरी वेगळी?"

"तशीच," मी म्हणाले.

"लहानपणापासून?"

"चालायला लागली तेव्हापास्नं," आई म्हणाली. "चालली कुठं, पळायलाच लागली."

"आणि असं काही आहे का, की ज्याच्यापुढं ती अगदी गुंग होऊन बसते?"

आईनं म्हशींची गोष्ट तक्रारीसारखी सांगितली. "बघा की, मनात आलं तर बसती! मुद्दाम करती ओ ही." डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "नाही, मुद्दाम नाही. तिचं लक्ष तिच्या हातात नाही. जे ओढतं त्याच्यामागं ते जातं. म्हशीनं ओढलं, म्हशीपाशी बसलं. आपल्याला पुस्तकात कंटाळा आला तरी आपण लक्ष ओढून आणतो, तिला ते ओढून आणता येत नाही. डोकं चांगलं आहे, कान चांगले आहेत. मेंदूत थांबवणारा एक भाग असतो, तो हिच्यात अजून पेंगतोय. अशा मुलांना हायपरकायनेटिक म्हणतात."

आज याला एडीएचडी म्हणतात आणि शाळेतल्या शिक्षकांनाही ते नाव माहीत असतं. तपासणी लांबलचक असते, प्रश्नांच्या याद्या असतात, दोन-तीन भेटी होतात. तेव्हा त्या खोलीत जेवढं झालं तेवढंच झालं, आणि मला वाटतं ते अचूक झालं. पण शब्द आमच्या घरी पोचेपर्यंत त्याचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. आप्पांनी रस्ताभर तो तोंडात घोळवला होता. दारात आत्यानं विचारलं, "काय म्हनाली गं डाक्टरीण?" आप्पा म्हणाले, "हायपर... काय... नेटिक."

"नेटकी न्हाय, व्हय? ते मी कवापास्नं सांगतीया! त्याला डाक्टर कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी एक गोळी लिहून दिली होती. सकाळी न्याहारीनंतर अर्धी. शिवाय काही गोष्टी सांगितल्या होत्या. एका वेळी एकच काम सांगा, ते झालं की दुसरं. पहिल्या बाकावर बसवायला सांगा. मधे उठायची परवानगी द्या. गोळी कोल्हापुरात मिळत नव्हती. पेढीचा गूळ घेऊन ट्रक मुंबईला जायचे, त्यातल्या एका ड्रायव्हरनं येताना आणली. आत्यानं बाटली उजेडात धरून बघितली. "गूळ गेला आन् गोळी आली. कशाची हाय ही?"

आप्पा सरळ माणूस. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. "पेंगणाऱ्या भागाला जागं करती. तरतरी आणणारी हाय."

आत्या खालीच बसली. "तरतरी? आरं, म्हंजे उष्णच की! ही पोरगी झोपल्याली कवा हाय, की तिला आनि जागं करायचं? आदीच पेटल्यालं, त्यात राकेल वतायचं?" आईच्या चेहऱ्यावरही तेच होतं. जन्मापासून थंड घालून जिला विझवत आलो, तिला पेटवणारं औषध स्वतःच्या हातानं द्यायचं. मला अजून वाटतं, हे सोपं नव्हतं.

दोघींनी मधला मार्ग काढला. आप्पा पेढीवर पहाटेच जात, त्यामुळं घरातल्या औषधपाण्यावर राज्य बायकांचं. उष्ण औषध उन्हाच्या वेळी दिलं तर भडका उडेल, म्हणून ते गारव्याला द्यायचं ठरलं. झोपताना, थंड दुधातून, वर गुलकंद. व्हायचं तेच झालं. सुमीच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि तिच्यामुळं आमच्याही. आप्पा वैतागून म्हणाले, "सकाळी द्या म्हटलंय तर सकाळी द्या की!" आणि पेढीवर गेले. त्यांना वाटलं, सकाळी देऊ लागल्या. दोघींनी बाटली मोहरीच्या डब्यात घालून ठेवली आणि सब्जा वाढवला.

दिवाळी होऊन गेली. सुमी होती तशीच होती, उलट रोज सकाळी उठून "मी आता शहाण्यासारखी बसणार" असं म्हणून शाळेत जायची आणि संध्याकाळी मान खाली घालून यायची. एके दिवशी वर्ग चालू असताना ती खिडकीतून बाहेर पडली. बाहेर अंबारी घातलेला हत्ती चालला होता. ती त्याच्या मागोमाग पार देवळापर्यंत गेली. शाळेचा शिपाई तिला घेऊन आला तेव्हा मोठ्या बाईंनी आप्पांना पुन्हा बोलावलं. "मी वार्षिक परीक्षेपर्यंत म्हटलं होतं," बाई म्हणाल्या, "पण रस्त्यावर हिला काही झालं तर मी काय उत्तर देऊ?" आप्पा म्हणाले, "बाई, औषध चालू हाय. गुण येतोय हळूहळू." घरी येऊन त्यांनी हेच आईला सांगितलं, आणि आई रडायला लागली. मग मोहरीचा डबा उघडला गेला.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी बाटली हातात घेऊन उरलेल्या गोळ्या मोजल्या. मग म्हणाले, "उद्या सगळ्यांनी यायचं डाक्टरीणबाईंकडं. आक्का, तू बी." आक्का म्हणजे आत्या. घरात तिला आप्पाच तेवढे त्या नावानं हाक मारत.

आत्या दवाखान्यात गेली ती भांडायच्या तयारीनं. नऊवारीचा पदर खोचून ती काट्यापाशी उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, हे मला पक्कं आठवतं. आत्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "आत्या, शेतावर राबलाय ना तुम्ही? ऊन कधी चढतं?"

"सकाळधरनं. दुपारी टोकाला."

"आणि उतरतं?"

"दिस कलला की. हे काय इचारनं झालं?"

"ही गोळी तशीच आहे. घेतली की चढते, दुपारनंतर उतरते, रात्रीपर्यंत अंगात काही राहत नाही. उन्हाबरोबर चढू द्या आणि उन्हाबरोबर उतरू द्या. रात्री दिलीत म्हणजे रात्री ऊन पाडलंत. मग पोर झोपेल कशी?"

आत्यानं खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "आन् सब्जा?"

"चालू ठेवा. त्यानं काही बिघडत नाही. पण भूक कमी होईल हिची थोडी. तेव्हा आधी भरपूर न्याहारी, मग गोळी. आणि रात्री तिला आवडेल ते घाला. अंगाला लागलं पाहिजे. मटण-बिटण काहीही चालतं."

"तांबडा बी?" सुमी खिडकीच्या गजावरून ओरडली.

"तांबडा बी," बाई म्हणाल्या.

आत्या उठली आणि आप्पांवर डाफरली, "असं आदी सांगाया काय झालतं तुला? नेटिक न्हाय आन् फेटिक न्हाय! उनाचं औषध हाय, एवढं सांगितलं असतंस तर कळलं असतं की मला!"

बाईंनी आत्याला फसवलं का, हा प्रश्न मला मोठेपणी पडला. माझा स्वभाव तपासून बघण्याचा. बँकेत उभी हयात बेरजा पडताळण्यात गेली. मी तो प्रसंग अनेकदा पडताळला. त्या एकही शब्द खोटा बोलल्या नव्हत्या. गोळी खरंच तशी चढते आणि तशी उतरते.

दुसऱ्या दिवसापासून आत्यानं ते काम स्वतःकडं घेतलं. भाकरी-दूध, वर एक अंडं, मग अर्धी गोळी, आणि ती गिळली का हे बघायला तोंड उघडून दाखवायचं. गोळीनं जादू झाली असं मी लिहिणार नाही. सुमी तीच राहिली. वस्तू हरवत राहिली, मधे बोलत राहिली. पण दुसरी वेणी पुरी होऊ लागली. मी सांगत असलेलं वाक्य संपेपर्यंत ती माझ्याकडं बघू लागली, आणि तिनं माझ्याकडं कधी इतका वेळ बघितलं नव्हतं म्हणून की काय, मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आप्पांनी मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. बाईंना गोळीवर विश्वास नव्हता, पण त्यांनी सुमीला पहिल्या बाकावर आणलं आणि वर्गाच्या बाईंना सांगितलं की फळा पुसायला, खडू आणायला हिलाच उठवत जा. आप्पा घरात एका वेळी एकच काम सांगू लागले. आईला ते जमायला वेळ लागला. "सुमे, दार लाव, वाटी आण आन्..." म्हणून ती थांबायची, जीभ चावायची. "दार लाव." आणि 'मुद्दाम' हा शब्द घरातून हळूहळू गेला. कोणी बंदी घातली नव्हती. उपयोगच राहिला नाही.

हे प्रकरण मी परवा सुमीला वाचून दाखवलं. ती आता गडहिंग्लजला असते, तिची स्वतःची दूध डेअरी आहे, सतत दोन फोनवर बोलते. म्हशींच्या भागापर्यंत तिनं ऐकलं आणि चहा टाकायला उठली. आतून म्हणाली, "पुढचं मला म्हाईत हाय की. परीक्षेचं लिहिलंस का?"

लिहिते. वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर शेवटचा होता. माझा पेपर आधी संपला म्हणून मी चिंचेखाली तिची वाट बघत उभी होते. दर वर्षी ती सगळ्यांत आधी बाहेर यायची, म्हणून मी दाराकडं बघत होते. मुली येऊ लागल्या, ती येईना. मला वाटलं, पुन्हा खिडकीतून गेली. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, आणि मग ती आली, बोटं शाईनं माखलेली. मागोमाग मोठ्या बाई, हातात तिची उत्तरपत्रिका. आप्पाही फाटकापाशी आले होते, पेढीवरून मधेच उठून. बाईंनी त्यांना पेपर दाखवला. "गणितं चुकलीत बरीच," त्या म्हणाल्या. "हातचे विसरते. पण हे बघा, शेवटचं गणित. शेवटच्या पानापर्यंत आलीय." मग त्यांनी चष्मा काढला. "दाखला नको. पाचवीची पुस्तकं घेऊन ठेवा."

 आप्पांनी दोन्ही हात जोडले. आम्ही निघालो. सुमी नेहमीसारखी पुढं पळाली नाही, माझ्या शेजारून चालत होती, काहीतरी आठवत असल्यासारखी. कोपरा ओलांडल्यावर तिनं माझी बाही ओढली.

"ताई, पेपर संपताना आत एवढी मोठी घंटा ऐकू येती? मी कधी ऐकलीच नव्हती. मी आधीच बाहेर असायची."